लक्ष लागत नाही? आधी झोपेचं विचारा

पालकसभेत आम्हा शिक्षकांची काही वाक्यं ठरलेली असतात. ‘हुशार आहे हो, पण लक्ष देत नाही’ हे पहिलं आणि ‘एका जागी बूड टेकवत नाही’ हे दुसरं. पूर्वी या तक्रारीचा शेवट घरी गेल्यावर बापाच्या चपराकीत व्हायचा. आता सांगली-मिरजेतल्या शाळांत समुपदेशक आले, पालकांच्या मोबाइलवर व्हिडिओ आले आणि एडीएचडी (लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार) हा शब्द सांगलीच्या विश्रामबागेतून निघून पार जत-कवठेमहांकाळपर्यंत जाऊन पोचला. याचं मला वाईट वाटत नाही. ज्या मुलाला हा विकार खरोखर आहे, त्याला वांड, आळशी, ढ म्हणून बडवण्यापेक्षा डॉक्टरकडे नेलेलं केव्हाही चांगलं.

तक्रार वेगळी आहे. मुलाचा अभ्यास, खाणं, मोबाइल, संगत, घरातली भांडणं हे सगळं विचारून होतं. पोरगं रात्री झोपतं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. शिक्षक नाही, समुपदेशक नाही, कित्येकदा डॉक्टरही नाही. अपुरी किंवा बिघडलेली झोप लहान मुलात अगदी लक्ष न लागण्याच्या विकारासारखीच दिसते. म्हणून हा प्रश्न पालकांच्या मर्जीवर न सोडता शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावरच छापलेला हवा, असं माझं मत आहे.

मोठ्या माणसाची झोप झाली नाही की तो पेंगतो. एसटीत खिडकीशी जागा मिळाली की इस्लामपूर येईपर्यंत त्याची मान लटकलेली असते. लहान मुलाचं बऱ्याचदा उलटं होतं. लग्नघरात रात्री अकरापर्यंत जागलेलं सहा वर्षांचं पोर आठवा. मांडवभर पळतं, विनाकारण किंचाळतं, भावंडाला चावतं, आणि कोपऱ्यात बसलेली आजी म्हणते, ‘झोप आलीय त्याला, म्हणून चेकाळलंय.’ आजीचं निदान बरोबर असतं. आवर घालणं, थांबणं, एकच गोष्ट धरून ठेवणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची. झोप कमी पडली की हाच भाग आधी ढेपाळतो. मग मूल मंद होण्याऐवजी सैरभैर होतं. एका रात्रीचं असलं तर आजी ओळखते. रोज रात्रीचंच असलं की त्याला आपण स्वभाव म्हणतो.

आणि एडीएचडीची लक्षणं काय असतात? विसरतो, वस्तू हरवतो, काम अर्धवट सोडतो, मध्येच बोलतो, हातपाय हलवत राहतो, सांगितलेलं कानावरून जातं. या विकाराला रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. निदान होतं ते घरच्यांनी आणि शिक्षकांनी दिलेल्या माहितीवरून. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, सहा महिने तरी टिकलेली हवीत, आणि दुसऱ्या कशामुळे ती होत नाहीत ना, हेही पाहिलेलं हवं. घोडं अडतं ते या शेवटच्या अटीपाशी. झोप बिघडलेलं मूल घरीही तसंच वागतं आणि शाळेतही, वर्षानुवर्षं. आमच्याकडे प्रश्नावली आली की आम्ही दिवसाचं जे दिसतं त्यावर प्रामाणिकपणे खुणा करतो. रात्रीचा रकाना तिथे नसतोच.

माझ्या वर्गातला चौथीतला एक मुलगा सांगते. बाकाखाली पाय सतत हलता. पेन्सिल खाली पडणार, ती घ्यायला वाकला की शेजाऱ्याची चप्पल ओढणार. पाढे तोंडपाठ, पण फळ्यावरची गणितं उतरवताना दुसऱ्या गणितावर गाडी थांबलेली. तोंड कायम उघडं, ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं, आवाज सर्दी झाल्यासारखा नाकात. त्याच्या आईला झोपेचं विचारलं तर ती कौतुकानं म्हणाली, ‘झोपेची तर काही काळजीच नाही बघा बाई. अंथरुणावर पडला की घोरायला लागतो, बापावर गेलाय.’ मग एकेक निघत गेलं. मान मागे टाकून झोपतो. उशी घामानं भिजते. घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडतो आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो. दात खातो, म्हणून जंताचं औषध देऊन झालं होतं. सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, अजून अंथरूण ओलं करतो हेही तिनं सांगितलं.

घोरणं म्हणजे गाढ झोप ही आपल्याकडची पक्की समजूत. लहान मूल सर्दी नसताना आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, तर त्याच्या श्वासाची वाट कुठेतरी अरुंद झाली आहे. टॉन्सिल आणि नाकाच्या मागची अॅडेनॉइडची गाठ साधारण दोन ते आठ या वयात घशाच्या मानानं सगळ्यात मोठी असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की वाट आणखी मिटते, श्वास अडखळतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू मुलाला अर्धवट जागं करून श्वास सुरू करवतो. रात्रीतून हे पुन्हा पुन्हा होतं. मुलाला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. घड्याळात नऊ तास भरलेले असतात, झोप मात्र तुकड्या-तुकड्यांची. हा त्रास मोठ्यांमध्ये बहुधा जाड माणसाला होतो, म्हणून किडकिडीत पोराच्या बाबतीत कुणाच्या डोक्यातही येत नाही. जगभरातल्या अभ्यासांत मुलांमधलं याचं प्रमाण सुमारे १ ते ५ टक्के सांगितलं जातं. म्हणजे शंभराच्या पटामागे एखाद-दुसरं तरी असं मूल असणार, आणि शिक्षकाला ते बहुधा खोडकर म्हणूनच माहीत असणार.

हे काही आजचं ज्ञान नाही. १८८९ साली विल्यम हिल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या मागासपणाच्या आणि मठ्ठपणाच्या काही कारणांवर लेख लिहिला होता. त्यात त्यानं बोट ठेवलं होतं ते नाक-घशातल्या अडथळ्यावर. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ उलटला, तरी आमच्या बीएड-डीएडच्या शिक्षणात हे शिकवल्याचं मला आठवत नाही.

त्या मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं, गाठ मोठी निघाली, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो काही ऋषी झाला नाही. बडबड्या होता, बडबड्याच राहिला. पण तिसऱ्या गणितापर्यंत पोचायला लागला. एका मुलावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, म्हणून संशोधनाचं बघू. २००६ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. टॉन्सिल-अॅडेनॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली ७८ मुलं त्यांनी आधी तपासली होती. त्यातल्या २२ मुलांना एडीएचडीचं निदान लागू होत होतं. वर्षभरानं पाहिलं, तर २२ पैकी ११ मुलांना ते लागू होईना. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१३ मध्ये ४६४ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडखळणारी ५ ते ९ वर्षांची मुलं; एका गटाची लगेच शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटावर नुसती देखरेख. सात महिन्यांनी लक्षाच्या आणि नियोजनाच्या चाचण्यांमध्ये दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. वागणं मात्र सुधारल्याचं आईबापांनी आणि शिक्षकांनी नोंदवलं होतं. शिवाय देखरेखीखालच्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांची झोपेतली तपासणी आपोआप पूर्वपदावर आली. तेव्हा घोरणाऱ्या प्रत्येक पोराला टेबलावर घ्या, असं कुणी म्हणत नाही. मी तर नाहीच. कापायचं की थांबायचं हे डॉक्टर ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत प्रश्न तर जाऊ दे.

दुसरी गोष्ट पायांची. संध्याकाळ झाली की काही मुलं ‘आई, पाय चेप’ म्हणून मागे लागतात. पायात काहीतरी वळवळतं म्हणतात, अंथरुणात पाय आपटत राहतात, हलवले की बरं वाटतं. घरात म्हातारं माणूस असलं तर पोटरीला फडकं आवळून बांधतं आणि ‘दिवसभर हुंदडतंय, दुसरं काय’ म्हणतं. पुष्कळदा तेवढंच असतं. पण काही मुलांमध्ये हा अस्वस्थ पायांचा विकार असतो. त्यात झोप लागायला तास-तास जातो आणि लागलेली झोपही मोडत राहते. शरीरातलं लोह कमी असणं हे त्यामागचं एक मोठं कारण, कारण हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामाइन हे रसायन मेंदूत तयार व्हायला लोह लागतं. आणि लोहाची आपल्याकडे काय अवस्था आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, महाराष्ट्रातही जवळपास तेवढीच. त्यात आपली सकाळची चहा-चपाती. चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, आणि दिवेलागणीला दुसरा कप झाला की झोपही लांबते. शाळेत लोहाची गुलाबी गोळी येते, ती मूल गिळतं की दप्तराच्या कप्प्यात ठेवतं यावर लक्ष ठेवायला सांगणारं परिपत्रकही येतं. या गोळीचा झोपेशी आणि झोपेचा वर्गातल्या चुळबुळीशी संबंध असू शकतो, ही एक ओळ त्या परिपत्रकात आली, तर गोळी वाटण्याचं काम आम्हालाही जरा मनापासून करावंसं वाटेल.

हे झाले विकार. साधी कमी पडलेली झोप याहून कितीतरी जास्त मुलांची आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास, असं अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये ठरवून दिलं. आता आमच्याकडचं शिष्यवृत्तीचं वर्ष पाहा. सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीवरून गावागावांत ईर्षा चालते. सकाळी शाळेआधी जादा तास, शाळा सुटल्यावर पुन्हा सराव, घरी जेवणानंतर प्रश्नपत्रिका. दहा वर्षांचं मूल साडेदहाला अंथरुणावर आणि साडेपाचला उठलेलं. सात तास. गुणवत्ता यादीसाठी आपण ज्या मेंदूला घासतो आहोत, त्याच मेंदूत दिवसभराचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं, एवढं तरी आम्ही शिक्षकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. ‘लवकर निजे, लवकर उठे’ या म्हणीतलं उठणं आपण उचललं आणि निजणं सोडून दिलं.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शाळांच्या वेळा बदलायची सूचना केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगला, पण मला हा निर्णय अर्धामुर्धा वाटतो. जिल्हा परिषदेच्या शाळा तशाही साडेदहाच्या सुमारास भरतात. प्रश्न होता शहरातल्या दोन सत्रांच्या खासगी शाळांचा, आणि त्यांनी बसच्या फेऱ्या, वर्गखोल्या, रस्त्यावरची गर्दी अशी रडगाणी लगेच सुरू केली. त्याहून मोठा घोळ वयाचा. सात-आठ वर्षांचं मूल वेळेवर झोपलं तर सकाळी आपणहून उठतं. वयात येताना मात्र शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. आठवी-नववीतल्या पोराला दहाला झोप येत नाही, हा माजोरीपणा नव्हे, ते वयच तसं. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये उशिरा शाळेची शिफारस केली ती मोठ्या मुलांसाठी, साडेआठनंतरची. आपण सवलत दिली चौथीपर्यंत, आणि दहावीच्या मुलांना सकाळी सहाच्या क्लासला सायकलीवर धाडतो. तिथे ती पहिल्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपतात.

आणि सगळा दोष मोबाइलवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. मोबाइल झोप खातो हे खरंच. त्याच्या उजेडानं झोप आणणारं मेलाटोनिन दबतं, आणि मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त. पण ‘मोबाइलमुळे’ म्हटलं की पालकाची, शिक्षकाची आणि डॉक्टरचीही चौकशी तिथेच संपते. झोप हा ऐपतीचाही मामला आहे. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात. आईबाप पहाटे तीन-चारला फडावर निघतात आणि नऊ वर्षांची बहीण तान्ह्या भावासाठी जागी होते. ती शाळेत आलीच, तर अकराच्या सुमारास शून्यात बघत असते. तिच्या घरी मोबाइल एकच, तोही बापाच्या खिशात. शेतीपंपाची लाईट जिथे अजून पाळीपाळीनं रात्री येते, तिथे बाप रात्री दोनला उसाला पाणी धरायला उठतो आणि एका खोलीचं घर त्याच्याबरोबर उठतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे, पण लग्नसराईत आणि यात्रेत डॉल्बीला तो कुणी वाचून दाखवत नाही. अशा मुलाला ‘झोपेची शिस्त लावा’ म्हणून सल्ला देणं सोपं असतं, कारण सल्ला देणाऱ्याच्या घरी मुलांची खोली वेगळी असते.

गावानं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. साऱ्या राज्यात या गावाचं नाव झालं. त्यांच्या कल्पनेवर माझी एक पुरवणी आहे: अभ्यासाचा एक भोंगा होतो, तसा रात्री साडेनऊला दिवे मालवायचाही एक होऊ दे. लोक हसतील. पहिल्या भोंग्यालाही कुणीतरी हसलं असेलच.

आता आक्षेप. या सगळ्यामुळे खऱ्या एडीएचडीच्या मुलांचे पालक ‘झोपेचंच असेल’ म्हणत औषध टाळतील, असं एका समुपदेशक मैत्रिणीनं मला सुनावलं. तिची भीती रास्त आहे. साधारण ५ टक्के मुलांना हा विकार असतो. त्याची औषधं काम करतात, आणि ती नाकारून मुलाची वर्षं वाया घालवणं हा अन्यायच. शिवाय ज्यांना एडीएचडी आहे त्यांच्यातल्या अनेकांची झोपही बिघडलेली असते. डोकं शांतच होत नाही म्हणून ती उशिरा झोपतात, आणि मेथिलफेनिडेटसारख्या औषधानं काहींची झोप आणखी उडते. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, एकीनं दुसरी वाढूही शकते. पण म्हणूनच तर झोपेचं आधी विचारायचं. उत्तर ‘झोप उत्तम आहे’ असं आलं तर एडीएचडीचं निदान आणखी पक्कं होईल, गोळीची वेळ आणि मात्रा ठरवताना डॉक्टरला ते कामी येईल. विचारल्यानं कुणाचंच नुकसान नाही.

आणि विचारायची यंत्रणा तयार आहे. २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तीस दोष-आजार शोधायचे असतात. त्या तिसांत एडीएचडी आहे, रक्तक्षय आहे, फिट येणं आहे, कान वाहणं आहे. झोप नाही. म्हणजे चुळबुळ टिपायची सोय आहे, ती कशामुळे हे टिपायची नाही. पथकातले डॉक्टर पापणी ओढून बघतात, दात बघतात, घसाही बघतात. फक्त ते सगळं दिवसा, वर्गात, आई समोर नसताना. दिवसा कुठलंच मूल घोरत नाही. म्हणून तपासणीच्या आठवडाभर आधी आम्ही शिक्षकांनी घरी एक साधा कागद पाठवावा. सर्दी नसताना बहुतेक रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो का? पाय वळवळतात म्हणतो का, अंथरूण ओलं होतं का? किती वाजता झोपतो, किती वाजता उठवावं लागतं? आई-आजी हे दोन मिनिटांत सांगू शकतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आशाताई विचारतील. घोरण्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाच्या झोपेचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणायला सांगायचं. तज्ज्ञांना त्यातून बरंच कळतं, आणि मोबाइलही एकदाचा मुलाच्या झोपेच्या कामाला येईल.

पुढची सोय आमच्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अर्धा उत्तर कर्नाटक उपचाराला मिरजेच्या स्टेशनवर उतरतो. रात्रभर झोप मोजण्याची तपासणी प्रत्येक मुलाला लागत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बघणं आणि रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासणं एवढ्यावर पुष्कळ मुलांचं पुढचं ठरतं. फेरिटिन मुद्दाम म्हणते, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो.

तो कागद छापून घ्यायला राज्याच्या आदेशाची वाट बघायचीही गरज नाही. सांगलीची जिल्हा परिषद आपल्या शाळांपुरतं हे येत्या जूनपासून करू शकते, केंद्रप्रमुखांच्या एका बैठकीत विषय मार्गी लागेल. शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका जिल्हाभर एकाच दिवशी पोचवणाऱ्या यंत्रणेला एक पाठपोट कागद जड जाऊ नये.